मावशीच्या लग्नाच्या व्हीसीडी पीएसपीवर: तीन शनिवारांची नोंद

माझी पीएसपी 3000 (सोनीचं हातात धरून खेळायचं गेम यंत्र) कपाटातून परत बाहेर आली त्याला महिना झाला. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं होतं, ती बदलली. मेमरी स्टिकच्या जागी मायक्रोएसडीचं अडॅप्टर घालून 32 जीबीचं कार्ड बसवलं. कार्ड कंप्युटरवर फॉरमॅट न करता पीएसपीतच केलं, म्हणजे हवे ते फोल्डर तीच तयार करते. आता यावर काय घालायचं असा विचार चालू असताना आईने माळ्यावरून एक डबा काढला. आत तीन व्हीसीडी. धाकट्या मावशीचं लग्न, चिपळूण, 2003. वरती व्हिडिओवाल्याच्या अक्षरात ‘हळद’, ‘लग्न’ आणि ‘पाठवणी’.

फोनवर टाक की सरळ, असं बहीण म्हणाली. टाकता येईलच, त्यात काय. पण व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 आणि पीएसपीचा पडदा 480 बाय 272. एवढे जवळचे आकडे समोर दिसल्यावर ज्याचे हात शिवशिवतात त्याचे शिवशिवतातच. ही नोंद त्याच लोकांसाठी.

पहिला शनिवार

सगळा दिवस डिस्क वाचण्यात गेला. शेजाऱ्यांकडून यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. डिस्कमधल्या ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरात मोठी डॅट फाईल असते, तीच आपली फिल्म. पहिली डिस्क सरळ कॉपी झाली. दुसरी, म्हणजे मुख्य लग्नाची, दोन तृतीयांश कॉपी होऊन अडकली. ओल्या मऊ कापडाने मधून बाहेरच्या दिशेला पुसली (गोल गोल पुसू नका, ट्रॅकच्या दिशेने ओरखडा पडला तर जास्त नुकसान), परत अडकली.

व्हीसीडी एवढ्याशा ओरखड्याने का रडते याचं कारण तिच्या बांधणीत आहे. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये 2048 बाइट माहिती असते आणि बाकीची जागा चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडीवाल्यांनी ही वरची दुरुस्तीची पातळी काढून टाकली आणि सेक्टरमागे 2324 बाइट चित्र भरलं. डिस्कवर जास्त मिनिटं बसावीत म्हणून केलेली तडजोड. जुन्या प्लेअरला त्याचं काही वाटत नसे, चित्र क्षणभर फाटायचं आणि पुढे जायचं. कंप्युटर मात्र फाईल म्हणून कॉपी करतो आणि एका सेक्टरला ठेच लागली की सगळंच सोडून देतो. उपाय म्हणजे फाईल कॉपी करायचीच नाही. सेक्टरवार वाचणाऱ्या आणि खराब सेक्टर ओलांडून पुढे जाणाऱ्या प्रोग्रामने अख्खी डिस्क उचलायची. ड्राइव्हचा वेगही मुद्दाम कमी ठेवला. रात्री साडेदहाला दुसरी डिस्क हाती आली. अधूनमधून चार-दोन सेकंद गायब, पण मंगलाष्टकं शाबूत.

तिसरीला कडेला तडा आहे. ती अजून ड्राइव्हमध्ये घालायची हिंमत झालेली नाही.

दुसरा शनिवार

हा आकड्यांचा दिवस, आणि खरं सांगायचं तर माझा सगळ्यात आवडता.

पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) व्हीसीडीचे 352 बाय 288 पिक्सेल चौरस नसतात. चित्र 4:3 मध्ये दाखवायचं असतं, म्हणजे 288 उंचीला रुंदी 384 हवी. पहिल्यांदा मी सरळ 480 बाय 272 ला ताणलं आणि सगळी वऱ्हाडी मंडळी जाडजूड झाली. मावशीचे सासरे तर आडवेच. मग नीट पाहिलं. मूळ शूटिंग टेपवरचं, त्यामुळे चित्राच्या अगदी तळाला थरथरणारा पट्टा होता. व्हीएचएस टेप वाचणारं हेड बदलतं त्या जागी तो येतोच. हा पट्टा कापायचाच होता, मग तळाच्या बरोबर 16 ओळी कापल्या. 288 वजा 16 म्हणजे 272. उभ्या दिशेने चित्र लहानमोठं करायची गरजच उरली नाही. एकही ओळ पुसट झाली नाही. रुंदी तेवढी 352 ची 384 केली.

आता गंमत बघा. व्हिडिओ एनकोडर (चित्र दाबून फाईल बनवणारा प्रोग्राम) चित्राचे 16 बाय 16 चे चौकोन पाडतो. 384 म्हणजे 24 चौकोन, 272 म्हणजे 17. पडद्याची रुंदी 480, म्हणजे दोन्ही बाजूंना 48-48 चे काळे पट्टे, प्रत्येकी बरोबर तीन चौकोन. काळा आणि चित्र यांची हद्द कुठल्याच चौकोनाच्या मधून जात नाही, त्यामुळे पट्ट्यांवर जवळजवळ काहीच बिट खर्च होत नाहीत आणि कडेला घाण दिसत नाही. हे गणित जमलं तेव्हा मी एकटाच टाळी वाजवली.

पट्टे कशाला, 384 बाय 272 चीच फाईल करू, असं कोणी म्हणेल. ती चालत नाही. पीएसपी 2004 च्या डिसेंबरात जपानमध्ये आली तेव्हा मेमरी स्टिकवरच्या व्हिडिओला एकूण 76,800 पिक्सेलची मर्यादा होती. जुन्या लोकांना 368 बाय 208 हा विचित्र आकडा आठवत असेल, तो इथून आला. रुंद चित्र, गुणाकार 76,544, मर्यादेच्या जेमतेम आत. स्वतःचा पडदा 480 बाय 272 चा असून यूएमडीवर (पीएसपीची स्वतःची छोटी डिस्क) विकत घेतलेला सिनेमाच तेवढा पूर्ण दिसायचा, आपला घरचा व्हिडिओ नाही. 2007 मध्ये 3.30 फर्मवेअरने (पीएसपीच्या आतल्या सॉफ्टवेअरने) ती अट उठवली, पण मोजक्या मापांपुरतीच: 480 बाय 272, 352 बाय 480 आणि 720 बाय 480. तेव्हा पट्टे लावा आणि पूर्ण 480 बाय 272 द्या.

कुणाकडे व्हीसीडीऐवजी लग्नाची डीव्हीडी असेल तर ती 720 बाय 576 ची आणि बहुधा इंटरलेस्ड असते, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, फील्ड, विणलेली असतात. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ते हेच. त्यावर ते दात काढणारा भारी डीइंटरलेस फिल्टर लावू नका. दोनपैकी एक फील्ड टाकून द्या. उरलेल्या फील्डमध्ये 288 ओळी असतात. पुढचं वर सांगितलंच आहे.

संध्याकाळी पहिली फाईल तयार झाली आणि पीएसपीने तिला हातही लावला नाही. यादीत नाव, पण डेटा चालत नाही असा संदेश. एक्स264 या एनकोडरमधून हाय प्रोफाइल (फाईल दाबायचा जास्त अवघड प्रकार) निघालं होतं, ते या यंत्राला कळत नाही. मेन प्रोफाइल आणि लेव्हल 3.0 ठरवून दिलं. मग फाईल उघडली, पण चित्र मध्येच विस्कटायचं. एक्स264 जागा वाचवायला आपणहून दोन गोष्टी चालू ठेवतो, बी-पिरॅमिड आणि पी फ्रेमचं वेटेड प्रेडिक्शन. दोन्ही एकदम बंद केली, रेफरन्स फ्रेम (ज्यांच्याशी ताडून नवी फ्रेम बनते त्या) 3 ठेवल्या, आणि चित्र सुरळीत झालं.

वेटेड प्रेडिक्शन बंद करायची किंमत लग्नाच्या व्हिडिओत जरा जास्त मोजावी लागते, हे लक्षात ठेवा. ती सोय असते चित्र हळूहळू उजळतं किंवा विरतं त्यासाठी, आणि आपला मिक्सिंगवाला दर वीस सेकंदांनी चित्र विरवतो. नवरा विरतो, त्यातून मारुतीचं देऊळ उगवतं, देवळातून नवरी. अशा प्रत्येक जागी बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारे बिट, उसळी मारतो. म्हणून ठरावीक बिटरेट देऊ नका, सीआरएफ वापरा, म्हणजे बिटरेटऐवजी दर्जा ठरवून द्यायचा. मी 21 वर ठेवलं, तर सरासरी 600 किलोबिटच्या आसपास आली. आवाजाचे 128 धरून तासाला साधारण 328 एमबी. मूळ व्हीसीडी चित्राचे 1150 आणि आवाजाचे 224 किलोबिट घेते, म्हणजे तासाला जवळपास 618. निम्म्याहून थोडी जास्त जागा, आणि डोळ्याला फरक शून्य.

की-फ्रेमचं (स्वतःपुरत्या पूर्ण असलेल्या फ्रेमचं) अंतर 50 केलं. डिफॉल्ट 250 असतं, म्हणजे 25 फ्रेमच्या व्हिडिओत दहा सेकंद. पुढे-मागे करताना पीएसपी तेवढी चाचपडते.

तिसरा शनिवार

अक्षतांचा शनिवार. सावधान म्हटल्यावर दोनशे माणसं तांदूळ फेकतात, हजारो ठिपके प्रत्येक फ्रेममध्ये नवीन जागी. 1150 किलोबिटमध्ये एमपीईजी-1 ला (व्हीसीडीची चित्र दाबायची पद्धत) ते झेपणं शक्यच नाही, त्यामुळे बरोबर त्या क्षणी मूळ चित्राचीच चौकोनी खिचडी होते. अंतरपाट दूर होतो आणि नवरी म्हणजे गुलाबी-हिरव्या फरशा. सीआरएफवरचा एनकोडर इतका प्रामाणिक की या फरशासुद्धा तो जिवापाड जपतो, त्यांवर भरपूर बिट घालतो. आधी डीब्लॉकिंगचा (चौकोन पुसणारा) हलका फिल्टर लावला, मग जरासा डीनॉइज (ठिपके कमी करणारा). दुसऱ्या खेपेला डीनॉइज वाढवून पाहिला, तर अक्षताच नाहीशा झाल्या. लोक हात वर करतायत आणि काहीच पडत नाहीये. परत कमी केला. फरशा थोड्या राहिल्या, राहू देत. 4.3 इंचांवर हातभर अंतरावरून तो तांदूळच वाटतो.

आवाजाचं वेगळंच. गायब सेक्टरांमुळे चाळिसाव्या मिनिटानंतर ओठ आणि शब्द वेगळे पडले होते. फाटलेल्या जागी आवाजाची वेळ चित्राशी जुळवून घे असं एफएफएमपेगला (व्हिडिओ बदलायचा प्रोग्राम) सांगता येतं, रीसॅम्पल करताना असिंक चालू करायचं. भटजी ताळ्यावर आले. पातळी मात्र कुठे काय, कुठे काय. व्हिडिओवाल्याने घातलेली सनई कान फाडते आणि माणसं बोलतात ते ऐकूच येत नाही. पीएसपीचे स्पीकर मुळात बारीक. आवाज सपाट करणारा नॉर्मलाइझ फिल्टर लावल्यावर पंगतीतला आग्रह पहिल्यांदा नीट ऐकू आला. आवाजाचा प्रकार एएसी, स्टिरिओ, 44.1 किलोहर्ट्झ, एवढंच ठेवा.

फाईल बांधायला एफएफएमपेगमध्ये पीएसपी नावाचा वेगळा फॉरमॅटच आहे, तोच द्या, साधा एमपी4 नको. तो एक व्हिडिओ आणि एक ऑडिओ, एवढंच मागतो. मावसभावाकडून आलेली हळदीची एक मुकी क्लिप त्याने नाकारली, कारण आवाजाचा ट्रॅकच नव्हता. रिकामा, शांत ट्रॅक जोडल्यावर घेतली.

त्याच भावाने हल्लीचे फोनवर काढलेले उभे व्हिडिओही पाठवले. उभं चित्र आडव्या पडद्यावर मावायला लागलं की 153 पिक्सेलची चिंधी उरते. मी ते 90 अंशांत फिरवून पूर्ण 480 बाय 272 केले आणि पीएसपीच उभी धरली. बटणं वर-खाली येतात, पण चित्र पडदाभर. फोनच्या व्हिडिओत फ्रेम रेट कमी-जास्त होत असतो, तो आधी पक्का 29.97 करा, नाहीतर आवाज घसरत जातो. 10 बिटचा असेल तर 8 बिटवर आणा.

राहिलं नावांचं. पीएसपीच्या बारा भाषांत आपली एकही नाही, त्यामुळे फाईलचं नाव रोमन लिपीतच. पण व्हिडिओच्या नावाचीच, टीएचएम एक्स्टेन्शनची 160 बाय 120 ची जेपेग शेजारी ठेवली की यादीत चित्र दिसतं. मग त्या चित्रावरच मोठ्या देवनागरीत ‘हळद’ आणि ‘लग्न’ लिहिलं. सोनीने एवढा विचार केला नसेल, पण चालतंय.

रात्री आईला पीएसपी दिली. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि यंत्र नाकापाशी धरलं. अंतरपाट, अक्षता, सगळं झालं. काही बोलली नाही. पंगतीत म्हणाली, “अरे, थांबव. ही आपली काकू का रे, लाडू वाढतेय ती?” थांबवलं. मागे नेलं. परत थांबवलं. मग तिला काळे पट्टे खुपले. “हे पडदाभर नाही का करता येत?” मी काही बोलायच्या आत तिने त्रिकोणाचं बटण दाबून मेनू काढला होता आणि स्क्रीन मोड झूमवर नेला होता. सगळ्यांची डोकी कापली गेली, लाडूचं ताट मात्र मधोमध, मोठ्ठं.

“हां, आता बरं दिसतंय,” म्हणाली. तसंच ठेवलंय.

तिसऱ्या डिस्कच्या तड्यावर मधल्या छिद्राकडून बाहेर नेलेली पारदर्शक चिकटपट्टी लावून, सगळ्यात कमी वेगाने एकदाच वाचायचा विचार आहे. कुणी असं केलं असेल आणि ड्राइव्ह शाबूत राहिला असेल तर सांगा. ड्राइव्ह शेजाऱ्यांचा आहे.