रॉकी रिजची चढण : हातगाडी ट्रेकला मुलांना पाठवण्यापूर्वी

युटामध्ये राहत असलो तरी आमच्या कुटुंबाचा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाशी संबंध केवळ शेजाराचा आहे. मुलीला तिच्या मैत्रिणींनी त्यांच्या चर्चच्या युवक ट्रेकला, म्हणजे पूर्वजांसारखे कपडे घालून त्यांच्या वाटेवर हातगाड्या ओढण्याच्या सहलीला, बोलावले आणि स्वयंपाकाला माणसे कमी पडत होती म्हणून मीही गेले. जुलै महिना, वायोमिंगमधला स्वीटवॉटर नदीचा परिसर, तीन दिवस. पहिले दोन दिवस सोपे आणि सुखाचे गेले. तिसऱ्या दिवसाबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे, कारण तयारीच्या बैठकीत ‘थोडी चढण आहे, बाकी सपाट’ एवढेच सांगितले गेले होते आणि प्रत्यक्षात तो दिवस १४ मैलांचा, म्हणजे सुमारे साडेबावीस किलोमीटरचा निघाला, आणि त्यात रॉकी रिज होती.

रॉकी रिज म्हणजे जमिनीतून तिरप्या वर आलेल्या खडकांची उघडी चढण. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७,३०० फुटांवर. सावलीला एक झाड नाही. दोघांनी दांडी धरायची, दोघांनी पुढून दोर ओढायचा, उरलेल्यांनी मागून रेटायचे. चाकाची लोखंडी धाव खडकावर चढते, क्षणभर थांबते आणि घसरून मागे येते. आमच्या गाडीमागे शेवटी एकाला केवळ दगड हातात घेऊन चालायला लावले. गाडी थांबली की त्याने चाकाला उटी लावायची. हे काम आधीच नेमून द्यावे, कारण आम्हाला ते सुचेपर्यंत एका मुलाच्या पोटरीवर चाक आले होते. सुदैवाने खरचटण्यावर निभावले.

ही वाट का निवडतात हे मुलांना नीट सांगितले, तरच ती चढण्याला अर्थ आहे. १८५६ साली बैलगाड्यांचा खर्च परवडत नसलेले युरोपातले नवे मॉर्मन आयोवा सिटीहून पंथाचे केंद्र असलेल्या सॉल्ट लेककडे हातगाड्या ओढत निघाले. माणशी सामान १७ पौंड. विली आणि मार्टिन या दोन तुकड्यांना निघायलाच जुलै उजाडला. गाड्या ओल्या लाकडाच्या होत्या, त्या कोरड्या हवेत आकसून मोडू लागल्या. विली तुकडीतल्याच लेव्हाय सॅव्हेज यांनी इतक्या उशिरा पुढे जाऊ नका, असे बजावले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही, तरीही ते तुकडीबरोबरच चालत राहिले. ऑक्टोबरात बर्फाने गाठले. सॉल्ट लेकहून पंथाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी पाठवलेली मदत विली तुकडीपर्यंत २१ ऑक्टोबरला पोहोचली, तरी २३ ऑक्टोबरला त्या उपाशी माणसांना बर्फातून ही चढण चढावीच लागली. ११ वर्षांच्या जेम्स कर्कवुडने चार वर्षांच्या भावाला उचलून वर नेले, मुक्कामावर पोहोचवले आणि तिथेच प्राण सोडला. दोन्ही तुकड्या मिळून २००हून अधिक माणसे गेली. आमच्याकडे रात्री श्रद्धेच्या कथा भरपूर झाल्या, पण उशीर कोणी केला आणि इशारा कोणी धुडकावला, हे कोणीच बोलले नाही. मेलेल्यांचा मान राखायचा असेल, तर तेही मुलांसमोर आले पाहिजे.

‘विमेन्स पुल’ची तीच गत. पुरुष टोप्या काढून बाजूला उभे राहतात आणि मुली एकट्या गाडी चढवतात. तो प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो, हे मी मान्य करते. पण पुरुष मॉर्मन बटालियनमध्ये, म्हणजे अमेरिकी सैन्यातल्या मॉर्मनांच्या पलटणीत, गेले होते, असे जे कारण आम्हाला सांगितले, ते चूक आहे; बटालियन १८४६ची, हातगाड्या १८५६पासूनच्या. विधवा झालेल्या बायकांनी गाड्या ओढल्या, एवढे खरे कारण पुरेसे आहे.

आता जाणाऱ्यांसाठी. त्या दिवसाचे अंतर आणि चढ लेखी मागून घ्या. गाडीतल्या सामानाच्या बादल्या निघण्यापूर्वी वजन करून भरा. आमच्या गाडीतून माथ्यावर तीन बादल्या उतरवून पाठीवर न्याव्या लागल्या. कातडी हातमोजे हवेतच. माझ्या मुलीने घेतले नव्हते, दुपारपर्यंत दोन्ही तळवे फोडांनी भरले. ‘पायोनियर’ स्कर्ट एका दुकानात ६० डॉलरला मिळतो; तो घेऊ नका, जुन्या कपड्यांच्या दुकानातला सात डॉलरचा घेऊन घोट्याच्या वर दुमडून शिवा. माझा पायात येऊन मी दोनदा पडले, मग लुगड्याचा ओचा खोचतात तसा कमरेला खोचला आणि चालले. शाकाहारी असाल, तर स्वयंपाकघराला महिनाभर आधी कळवा आणि तरीही दशम्या बरोबर ठेवा. मोबाइलची रेंज धरू नका.

चौदा वर्षांखालच्या मुलाला रॉकी रिजवर पाठवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. मार्टिन तुकडीने जिथे आसरा घेतला, त्या मार्टिन्स कोव्हची वाट त्यांना पुरेशी आहे.

संध्याकाळी रॉक क्रीक हॉलोला पोहोचलो. तिथे विली तुकडीतल्या १३ जणांना एकाच खड्ड्यात पुरले, आणि खड्डा खणणाऱ्यांपैकी दोघे त्यानंतर गेले. मुलीने तिथे बसून फोड आलेल्या हातांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, तिला गाठ सुटेना, आणि मी सोडून दिली.