तुला तर सवय असेल!

पारा ३५ च्या वर गेला की जर्मनीत, बॉनमधल्या आमच्या ऑफिसात कुणी ना कुणी माझ्याकडे वळून हे वाक्य टाकतंच: तुला तर उन्हाची सवय असेल ना! बोलणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं, उलट थोडं कौतुकच असतं. पण मला ते दरवेळी लागतं. यंदा जरा जास्तच लागलं, म्हणून लिहायला बसले.

भुसावळच्या बाईचं कातडं काही वेगळं नसतं हो. ४४-४५ अंशात आपण तगतो ते बंदोबस्तामुळे. अकराच्या आत बाजार उरकायचा, दुपारी दारं-खिडक्या लावून पडायचं, कूलरच्या टपात पाणी आहे का ते बघत राहायचं, बाहेर पडायचंच तर तोंडाला स्कार्फ आणि खिशात कांदा. शाळा सकाळच्या. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या आणि मग अंथरुणं टाकायची. आणि त्याच उन्हात बिबडे-कुरडया वाळवून घ्यायच्या, म्हणजे उन्हाकडूनही काम करून घ्यायचं! यातलं काहीच मी सामानात भरून आणलेलं नाही. इथलं माझं घर चौथ्या मजल्यावर, छपराच्या बरोबर खाली. भिंती बांधल्यात त्या आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. एकदा तापलं की रात्री दोन वाजताही आत ३० अंश. छताला पंखा नाही, एसीचा तर प्रश्नच नाही. ४५ अंशातली माझी आई भुसावळच्या घरात माझ्यापेक्षा शांत झोपते, हे ऑफिसात सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

(तळमजल्यावरच्या आजीबाईंनी मात्र सवयीबद्दल एक अक्षर न काढता तळघरातून जुना टेबलफॅन आणून दिला. सप्टेंबरात परत कर म्हणाल्या. त्या माणसाला मी जन्मभर मानेन.)

माझा खरा राग पुढचा आहे. ‘यांना सवय आहे’ म्हटलं की आमच्याकडच्या उन्हाचा हिशेब मांडायची गरजच उरत नाही. यांच्याकडे मात्र हिशेब चोख असतो. २५ जुलै २०१९ ला याच राज्यात, डुइसबुर्गला ४१.२ अंश नोंदले गेले, जर्मनीचा उच्चांक. थोड्याच दिवसांत शास्त्रज्ञांनी सांगून टाकलं की माणसानं हवामान बदललं नसतं तर युरोपातली ती लाट दीड ते तीन अंशांनी कमी तापली असती. इतकं नेमकं! मी तेव्हा पहिल्यांदा हे वाचलं आणि खरं सांगते, हेवा वाटला.

हे काढतात कसं, ते मला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पत्त्यांवरून समजलं. रम्मीच्या कॅटात कुणी गुपचूप चार जोकर जास्तीचे घातले, तर अमक्याचा हा एक डाव त्या जोकरांमुळेच लागला असं छातीठोक सांगता येत नाही. पण असा डाव आधी रात्रीतून एकदा लागायचा आणि आता पाच वेळा लागतोय, हे सांगता येतं. शास्त्रज्ञ तेच करतात. जुन्या नोंदी आणि संगणकावरची मॉडेलं घेऊन ते दोन जगं मांडतात, एक आजचं तापलेलं आणि एक कोळसा-तेल जाळण्याआधीचं, आणि तीच लाट किंवा तोच पाऊस दोन्हीकडे किती वेळा येतो ते मोजतात. फ्रीडेरिके ओटो ही जर्मन बाई या कामातलं मोठं नाव. लंडनला इंपीरियल कॉलेजात असते. तिचा गट घटना ताजी असतानाच आकडा काढतो, कारण महिन्याभरानं लोक विसरलेले असतात.

आता जुलै २०२१. बॉनहून आगगाडीनं थोडं दक्षिणेला गेलं की आर नदीचं खोरं लागतं. द्राक्षाचे मळे, रविवारी चालायला जाणारे लोक, नदी एरवी घोट्याएवढी. १४ जुलैच्या रात्री तिनं त्या एका खोऱ्यात १३० च्या वर माणसं नेली. जर्मनीभरात १८० च्या वर. मी काही दिवसांनी तिथं गेले होते, गावकऱ्यांबरोबर चिखल काढायला. एका घराच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या वर होती, आणि त्या खिडकीत कुंडी तशीच, माती न सांडलेली. ऑगस्टात ओटोबाईंच्या गटाचा अहवाल आला: तापलेल्या हवेमुळे अशा पावसाची शक्यता १.२ ते ९ पट वाढली, एका दिवसात पडणारा पाऊस ३ ते १९ टक्क्यांनी जास्त झाला. हवा एका अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. मग सोडते तेव्हा तसंच सोडते.

आणि त्याच ऑगस्टच्या ३१ तारखेला मामांचा चाळीसगावहून फोन. ‘‘भाची, तितूर घरमा यी गयी.’’ रात्रभर डोंगरात कोसळलेला पाऊस, कन्नड घाटात दरडी, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या बाजारपेठेत. खालच्या गावांतली गुरं दावणीला बांधलेलीच वाहून गेली. मग पंचनामे झाले. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आले, म्हशी किती, भिंती किती, माल किती, ते लिहून घेतलं. पंचनाम्यात काय गेलं याचा रकाना असतो. का गेलं याचा नसतो. तितूरच्या पात्रातली अतिक्रमणं हेही कारण आहेच, ते मी नाकारत नाही. (आरच्या काठावरही नदीला चिकटून घरं होती, ते मात्र इथं हळू आवाजात बोलतात.)

न्यायानं बोलायचं तर भारताचा हिशेब कुणी मांडतच नाही असं नाही. २०२२ चा मार्च आठवतो? १२२ वर्षांतला देशाचा सगळ्यात तापलेला मार्च, गहू दाण्यातच आवळला, मे महिन्यात सरकारनं निर्यात बंद केली. त्या लाटेवर याच गटानं सांगितलं, अशी लाट येण्याची शक्यता ३० पट वाढलीय. पण देशभराची लाट मोठी असते, सापडते. एका डोंगरावरचा एका रात्रीचा पाऊस पकडायला जवळजवळची पर्जन्यमापकं लागतात आणि अनेक दशकांच्या नोंदी लागतात.

हे ऑफिसात बोलले तर एकजण म्हणाला, पण भारतही कोळसा जाळतोच ना. जाळतो! माझे वडील दीपनगरच्या वीज केंद्रात होते, त्या कोळशावरच आमची शिक्षणं झाली. पण इथला एक माणूस आमच्या एका माणसाच्या तीन-चार पट कार्बन सोडतो, आणि हे दीडशे वर्षं चाललंय. साक्रीकडच्या पवनचक्क्या मी त्याला गुगलवर उघडून दाखवल्या. माझी वर्षाची विमानवारी त्यानं काढली नाही, पण काढली असती तरी उत्तर तयार होतं: मी आईला भेटायला जाते, मायोर्का बेटावर पाय पसरायला नाही.

तरी याच जर्मनीत एक गोष्ट घडली, जिचं मला मनापासून अप्रूप आहे. पेरूच्या ह्वाराजमधला साउल लुसियानो यूया नावाचा एक शेतकरी. वरची हिमनदी वितळून तळं भरतंय, ते फुटलं तर घर जाईल, म्हणून त्यानं २०१५ मध्ये इथल्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला. मागणी केवढी? जगाच्या उत्सर्जनात कंपनीचा वाटा ०.४७ टक्के, तर बंदोबस्ताच्या खर्चाचा तेवढाच वाटा द्या. सुमारे १७ हजार युरो. हाम शहरातल्या न्यायालयाचे न्यायाधीश तज्ज्ञांना घेऊन थेट पेरूला गेले, जागा पाहिली. मे २०२५ मध्ये दावा फेटाळला, कारण येत्या ३० वर्षांत त्याच्या घराला पुराचा धोका जेमतेम एक टक्का निघाला. पण मोठे उत्सर्जक तत्त्वतः जबाबदार धरले जाऊ शकतात, हेही त्याच निकालात लिहिलं.

गेल्या रविवारी हे मी चोपड्याच्या चुलत भावाला फोनवर रंगवून सांगितलं. त्याचे केळीचे घड मे महिन्यात उन्हानं सटकले, आणि उरलेली बाग वावटळीत आडवी झाली. फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावरचा आकडा धरतात. केंद्र शेतापासून लांब, आणि तिथला पारा ठरलेल्या अंशाला सलग तेवढे दिवस पोहोचलाच नाही, असं त्याला सांगण्यात आलं.

‘‘ताई, तुना जर्मनीना निकाल तलाठीले दखाडू का?’’ तो म्हणाला.

मी म्हटलं, निकाल नको, वही ठेव. केंद्रावरचा आकडा आणि बांधावरचा आकडा, रोज दुपारी तीनला, तारखेसह. ओटोबाईंच्या गणितालाही शेवटी कुणीतरी रोज उतरवलेले आकडेच लागतात. तो म्हणाला, वहीवर विमावाले पैसे देत नसतात, आणि दुपारी तीनला बांधावर कोण उभं राहील, तू? त्याचं बरोबर आहे. तरी सावलीत टांगायचा तापमापक मी इथून कुरिअर केलाय, आणि पुढच्या आखाजीला येईन तेव्हा वही बघणार, असंही सांगून ठेवलंय.