भाजणी विकायची तर चकली समोर पाडा

घरी 7-8 जणींना बोलावून चकलीची भाजणी विकायची, तर भाषण पाठ करू नका, सोऱ्या हातात घ्या. 2 वाट्या भाजणीला 2 वाट्या पाणी. त्यात 2 चमचे तेल, तिखट, मीठ, तीळ, ओवा घालून उकळा. गॅस बंद करून भाजणी मिसळा, झाकून ठेवा. ही उकड आधीच काढावी, मळायची मात्र सगळ्यांसमोर. पाडताना चकली तुटली तर पीठ कोरडं आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, कारणही तिथल्या तिथे सांगा. तेलात विरघळली तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं तेल, जास्त, कडक झाली तर कमी. ही उत्तरं तयार असली की बोलताना अडखळायला होत नाही. बडबड्या स्वभावाचं सोंग तर अजिबात नको! दुसऱ्या घाण्याला सोऱ्या पाहुणीकडे द्या. भाव पाटीवर आधीच लिहा.