कस्पटासमान : ‘कंटेम्प्ट’ या शब्दाविषयी

इंग्रजीतल्या ‘कंटेम्प्ट’ या शब्दाला ‘तिरस्कार’ हा प्रतिशब्द देऊन आपण बहुधा मोकळे होतो. मीही अनेक वर्षे तेच करत आलो. परंतु अनुवाद करताना हा शब्द मला दर वेळी खटकतो. आजच्या मराठीत तिरस्कार हा द्वेषाला लागून बसला आहे. ज्याचा तिरस्कार वाटतो त्याचे नाव निघताच आपण तापतो, म्हणजे त्याला निदान शत्रूचा दर्जा तरी आपण दिलेला असतो. कंटेम्प्टमध्ये तेवढाही मान नाही. समोरचा माणूस आपल्या रागाच्याही योग्यतेचा नाही असे त्यात गृहीत असते, आणि म्हणून ती भावना थंड असते.

मुळात मात्र तिरस्कार हा शब्द इतका तापट नव्हता. संस्कृतात ‘तिरस्’ म्हणजे आड किंवा पलीकडे, आणि तिरस्कार म्हणजे आड करणे, बाजूला सारणे; पडद्याला ‘तिरस्करिणी’ म्हणतात तेही याच मुळावरून. कंटेम्प्टच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही तुच्छ मानणे, किंमत न देणे असाच आहे. मराठीत ही छटा आज नामांपेक्षा वाक्प्रचारांत अधिक नेमकी सापडते. एखाद्याला कस्पटासमान लेखणे, तो खिजगणतीतही नसणे, त्याला हिंग लावून न विचारणे, यांपैकी कशातही राग नाही. ‘लेखणे’ आणि ‘गणती’ हे तर हिशेबातले शब्द आहेत, आणि तो हिशेब शून्यावर आलेला आहे. इंग्रजीत ‘होल्ड इन कंटेम्प्ट’ असे आले की मी डोळे मिटून ‘तुच्छ लेखणे’ लिहितो.

अति परिचयाने कंटेम्प्ट उपजतो, या अर्थाची इंग्रजी म्हण प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी आपल्याकडे ‘अतिपरिचयादवज्ञा’ हे वचन तयारच आहे, आणि मलय पर्वतावरची भिल्लीण चंदनाचे लाकूड सरपण म्हणून जाळते हा त्याच सुभाषितातला दाखला मला इंग्रजी म्हणीपेक्षा कितीतरी सरस वाटतो. गंमत अशी की, मराठीत अवज्ञा म्हणजे आता आज्ञा न पाळणे, आणि कायद्याच्या इंग्रजीत कंटेम्प्टही त्याच वाटेने गेला आहे. न्यायालयाच्या अवमानात मनातल्या तुच्छतेपेक्षा आदेश जाणूनबुजून मोडणे किंवा कामकाजात अडथळा आणणे यांसारख्या कृतींना महत्त्व असते.

विशेषणांत मात्र भलेभले घसरतात. ‘कंटेम्प्च्युअस’ म्हणजे तुच्छतेने पाहणारा आणि ‘कंटेम्प्टिबल’ म्हणजे तुच्छ लेखण्याच्याच लायकीचा. यांची अदलाबदल झाली की दुसऱ्याला हिणवायला निघालेला लेखक स्वतःलाच हिणवून बसतो. 1914 साली फ्रान्समध्ये उतरलेल्या ब्रिटिश सैन्याला जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने आपल्या आदेशात ‘कंटेम्प्टिबल’ म्हटल्याची वार्ता पसरली होती. त्या आदेशाचा अस्सल पुरावा पुढे कधी मिळाला नाही, पण सैनिकांनी ती शिवी बिरुदासारखी मिरवली आणि युद्धानंतर वाचलेले स्वतःला अभिमानाने ‘ओल्ड कंटेम्प्टिबल्स’ म्हणवून घेऊ लागले. या नावाचे भाषांतर मी ‘जुनी कस्पटे’ असे करून पाहिले. अर्थ बरोबर आला, पण मिरवणे हरवले.