पिंग चार, तरी गाय जागेवरच

घणसोलीहून ठाण्याच्या दिशेने निघालं की पहिलंच स्टेशन रबाळे. माझा भाचा आणि सोसायटीतली पोरं माइनक्राफ्ट (ठोकळ्यांचं जग बांधायचा कॉम्प्युटर गेम) ज्या सर्व्हरवर खेळतात, त्याचं मशीन त्याच पट्ट्यात आहे, ठाणे-बेलापूर रोडजवळच्या एका बिनखिडक्यांच्या इमारतीत भाड्याने घेतलेलं. घरून पिंग मारला, म्हणजे मशीनला हाक देऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं, तर चार-पाच मिलिसेकंद. हेच मशीन सिंगापूरला असतं, तर? काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो आणि मुंबई-सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ३९ मिलिसेकंद गेले, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही. आमच्या पोरांना हा त्रास नाही. सर्व्हर अक्षरशः शेजारी आहे.

तरी शनिवारी रात्री सगळे एकदम जमले की हाक येतेच, "मावशी, लॅग मारतोय!" म्हणजे खेळ अडकत अडकत चाललाय.

मी महापेला लिनक्सची मशिनं सांभाळते, त्यामुळे सोसायटीतलं असलं दुखणं माझ्याच दारात येतं. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी तर मला विचारायच्या आधीच नातवाला महागडा गेमिंग राउटर घेऊन दिला होता. चार अँटेना, खाली लाल दिवे. दिसतो छान.

मी भाच्याच्या खुर्चीमागे उभी राहून नुसतं बघत बसले. तो चालत होता, उड्या मारत होता, सगळं लोण्यासारखं. पण दगड फोडला की फुटायचा आणि क्षणभराने पुन्हा जागच्या जागी यायचा. पेटीवर क्लिक केलं की उघडायला वेळ. समोरची गाय एक पाय पुढे टाकून थिजलेली. मला एवढ्यावरच कळलं. आपलं चालणं आपलाच कॉम्प्युटर दाखवतो, त्यासाठी तो सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत नाही. दगड खरंच फुटला का, पेटीत काय आहे, गाय कुठे जाणार, हे मात्र सर्व्हर ठरवतो. स्वतःचं चालणं सुरळीत आणि बाकीचं जग अडलेलं, तर दुखणं वायरीत नाही, सर्व्हरच्या डोक्यात आहे. आणि पिंगला हे कळणारच नाही, कारण पिंगचं उत्तर ऑपरेटिंग सिस्टिम परस्पर देऊन टाकते. आत गेमची काय दशा आहे, याची तिला खबरही नसते.

माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० टिक, म्हणजे २० ठोके, चालतं. एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात प्रत्येक प्राणी, रेडस्टोनची (खेळातल्या विजेची) प्रत्येक तार, वाढणारं पीक, वाहतं पाणी, सगळ्यांचा हिशेब उरकावा लागतो. ५० ऐवजी ७० लागले तर जग सेकंदाला १४ वेळाच हलतं. दोन सेकंदांहून जास्त मागे पडला की सर्व्हर लॉगमध्ये (स्वतःच्या नोंदवहीत) रडायला लागतो: "कान्ट कीप अप! इज द सर्व्हर ओव्हरलोडेड?" आमचा लॉग शनिवारी रात्री या ओळीने भरलेला.

भाड्याने मशीन देणाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर तयारच होतं: "मॅडम, रॅम ८ जीबीची १६ करा, कोअरही डबल करून देतो." हे दुकानदारी उत्तर आहे. या खेळाचं मुख्य चक्र एकाच थ्रेडवर फिरतं, म्हणजे एका वेळी प्रोसेसरचा एकच कोअर ते काम करतो. तिकीटघरात सोळा खिडक्या बांधल्या आणि बुकिंग क्लार्क एकच बसवला, तर रांग हलेल का? इथे मोजायचा तो एका कोअरचा वेग. डेटा सेंटरमधल्या ६४ कोअरच्या चिपचा प्रत्येक कोअर बहुधा घरातल्या चांगल्या गेमिंग पीसीच्या कोअरपेक्षा हळूच धावतो. ती चिप हजारो छोटी कामं एकाच वेळी उरकायला घडवलेली आहे, एक मोठं काम झटपट संपवायला नाही. रॅमचं तर अजून गमतीशीर आहे. कमी पडली तर हाल होतात हे खरं, पण गरजेपेक्षा ढीगभर दिली की जावाचा (हा सर्व्हर त्यावरच चालतो) वापरून झालेल्या मेमरीचा कचरा गोळा करणारा भाग कधीकधी एकदमच मोठी झाडलोट काढतो आणि तेवढा वेळ सगळा खेळ थांबतो. पेपरवाल्यांनी (हा माइनक्राफ्टचाच सुधारून घेतलेला सर्व्हर) २०२३ मध्ये फोलिया आणला. तो जगाचे तुकडे पाडून वेगवेगळ्या थ्रेडना वाटतो. पण खेळाडू एकमेकांपासून लांब पांगलेले असतील तरच त्याचा उपयोग. आमची पोरं एकाच गावात कोंबलेली.

शिवाय मशीन आपलं एकट्याचं नसतंच. मशीनवर काय चाललंय ते दाखवणाऱ्या टॉप कमांडमध्ये 'एसटी' म्हणून एक आकडा दिसतो (लाल परीशी संबंध नाही). आपल्याला सीपीयू हवा होता, पण त्या वेळी तो दुसऱ्या भाडेकरूला दिला गेला, त्याचा तो हिशेब. आमच्याकडे रात्री तो शून्यावरून चांगलाच वर जायचा. दुकानदाराला स्क्रीनशॉट पाठवला. तो "चेक करतो" म्हणाला. अजून चेक करतोय.

मोठ्या कंपन्यांचीही यातून सुटका नाही. रायट कंपनीचा व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ सेकंदाला १२८ टिक चालवतो, म्हणजे एका टिकला ७.८ मिलिसेकंद. खर्च परवडावा म्हणून रायटला एका कोअरवर तीन सामने बसवायचे होते. वरखर्च वजा जाता एका सामन्याच्या वाट्याला आले २.३४ मिलिसेकंद, आणि सुरुवातीला त्यांना लागत होते ५०! पुढचं सगळं काम कोडमधून एकेक कण वाचवण्याचं होतं. अंतराळातल्या जहाजांच्या ईव्ह ऑनलाइन या खेळाने वेगळाच मार्ग काढला. हजारो जहाजं एका जागी जमली की तिथला काळच सावकाश करायचा, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. २०१४ च्या जानेवारीत त्या खेळातल्या बी-आर५आरबी या ठिकाणची लढाई २१ तास चालली, त्यातही हे मंद घड्याळ होतंच. मला हा उपाय प्रामाणिक वाटतो. सर्व्हरला झेपत नाही हे सरळ सांगायचं, आणि सगळ्यांना सारखंच सांगायचं.

आमच्याकडे मी सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवती किती अंतरापर्यंतचं जग चालू ठेवायचं तो आकडा) १० वरून ६ वर आणलं. प्रत्येक खेळाडूभोवती जिवंत ठेवायचे चंक (जगाचे चौकोनी तुकडे) ४४१ वरून १६९ वर आले. पोरांना पत्ताही लागला नाही. मग स्पार्क (सर्व्हरचा वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावून अहवाल काढला, तर वेळ खाणाऱ्यांत सगळ्यांत वर ए-विंगमधल्या एका मुलाचे गावकरी. मेंडिंगची (अवजारं आपोआप दुरुस्त करणाऱ्या जादूची) पुस्तकं विकत घ्यायला त्याने खोपट्यांच्या रांगाच रांगा केल्या होत्या, आणि कोंडलेला प्रत्येक गावकरी घरी जायची वाट शोधत बसलेला. यादीत त्यांच्या खाली हॉपर (वस्तू गोळा करून पेटीत ढकलणारे ठोकळे), शेकड्याने.

मिटिंग जिन्यात भरली. "मी आधी बांधलंय" इथपासून "मावशी, तुम्ही भाच्याची बाजू घेताय" इथपर्यंत सगळं झालं. शेवटी त्याने निम्मे गावकरी सोडले, तेही प्रत्येकाचा भाव तपासून. हॉपर मात्र एकही काढू देईना. मग मी सांगितलं, वर उघडा असलेला हॉपर पुन्हापुन्हा आजूबाजूला पडलेल्या वस्तू हुडकत बसतो, त्याच्यावर कंपोस्टर (खेळातली खताची पेटी) ठेव, म्हणजे हुडकणं बंद. लाकडाचे सात स्लॅब लागतात एकाला. आता सगळी टोळी जंगल तोडायला गेली आहे.