आमची वाटचाल : चार डिस्क आणि एक कार्ड

लॅमिंग्टन रोडला एका पोटमाळ्यावर २००१ साली धंदा सुरू केला. आधी असेंबल्ड पीसी, मग सर्व्हर, मग एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार. ती वर्षं बरी गेली. सांगायचं आहे ते नऊ दिवसांचं.

रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकीसारख्या वापरणं. गिरगावातल्या प्रेसच्या काकांना आम्ही हे काम करणारं हार्डवेअर रेड कार्ड टाकून रेड फाइव्हचा सर्व्हर दिला होता, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो. एका सकाळी कार्डच गेलं. चारही डिस्क ठणठणीत, पण डेटा वाचता येईना; डिस्कवरची मांडणी कार्डवाल्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीची. दुसऱ्या कंपनीचं कार्ड लावलं, तर ते विचारू लागलं, इनिशियलाइज करू का? म्हणजे डिस्क कोऱ्या. पोऱ्याचं बोट एंटरवर होतं. मी त्याचं मनगट धरलं.

मॉडेल बंद झालेलं. ज्या डीलरने ते कार्ड आम्हाला विकलं, त्याच्याकडे बदली कार्ड नव्हतं. वर आमच्याच गिऱ्हाइकांना फोन केले, ‘यांना डेटा सांभाळता येत नाही.’ तीन एएमसी गेल्या. हे मी विसरलेलो नाही.

नवव्या दिवशी कुर्ल्याच्या भंगारात, मोडीत काढलेल्या सर्व्हरमध्ये तेच मॉडेल सापडलं. डिस्कवर मार्करने ०, १, २, ३ लिहिलेलं होतं, त्याच क्रमाने लावल्या, फॉरेन कॉन्फिग, म्हणजे डिस्कवरची जुनी मांडणी, इम्पोर्ट केली आणि फायली दिसल्या. जुन्या कार्डावरची, वीज गेल्यावर कॅशमधला (डिस्कवर लिहायचा राहिलेला) डेटा जपणारी बॅटरी फुगून टम्म झालेली. नऊ दिवस हाताने बिलं फाडणाऱ्या काकांनी त्याच संध्याकाळी पुढच्या वर्षाचा चेक दिला.

तेव्हापासून आम्ही लिनक्सचं एमडीअ‍ॅडम वापरतो. ते कार्डाशिवाय, सॉफ्टवेअरनेच रेड चालवतं. ॲरेची, म्हणजे जोडलेल्या डिस्कच्या संचाची माहिती डिस्कवरच असते आणि ती लिनक्सचं कुठलंही मशीन वाचतं. डेटाबेसवर सतत लिखाण असेल तर बॅटरीवालं कार्ड जरूर घ्या, पण एकाच मॉडेलची दोन घ्या आणि बॅटरी तपासत राहा. मदरबोर्डवरच्या रेडला हार्डवेअर रेड समजू नका. मोठ्या डिस्कना रेड फाइव्ह नको, गेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना, म्हणजे रीबिल्डमध्येच, दुसरी डिस्क जाऊ शकते. रेड टेन करा, त्यात प्रत्येक डिस्कची जुळी प्रत असते. आणि बॅकअप वेगळा ठेवा, चुकून पुसलेली फाइल कुठलंच रेड परत देत नाही.

काकांचा नवा सर्व्हर देताना त्यांच्यासमोर डिस्क काढून एका जुन्या डेस्कटॉपला लावल्या. चहा येण्याआधी ॲरे उभी राहिली. काकांनी चष्मा लावून स्वतः चार फायली उघडल्या. म्हणाले, “आता परत तिकडे लाव, मला बघू दे.”