राक्षसाचं तेलपाणी

मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षस नेमका कसा घडवला, हे बाई शेवटपर्यंत सांगत नाहीत. नोव्हेंबरातली पावसाळी रात्र, विझत आलेली मेणबत्ती आणि उघडलेला एक पिवळट डोळा. बस्स! कृती विचारली तर राक्षस घडवणारा व्हिक्टर चक्क नाही म्हणतो. १८१८ साली लेखिकेच्या नावाशिवाय छापलेली ही कादंबरी आजही भीती घालते ती बरीचशी या झाकल्या मुठीमुळे.

मॅकेन्झी ली यांनी २०१५च्या 'धिस मॉन्स्ट्रस थिंग' या कादंबरीत ती मूठ उघडली. साल तेच, जिनिव्हाही तेच. फक्त इथे हातपाय गमावलेल्यांना यंत्राचे अवयव बसवतात, आणि अ‍ॅलस्डेर नावाचा पोरगा मेलेल्या भावाला दातेरी चाकं घालून उठवतो. यंत्र दिसलं की भुताचा धाक संपला, असं मला वाटत होतं.

पण गाव घड्याळजींचं, त्यामुळे चाकं तिथे उपरी वाटत नाहीत. जवळच्या न्यूशातेलच्या संग्रहालयात जाके-द्रो या घड्याळजी मंडळींनी १७७४च्या सुमारास बनवलेला एक अनवाणी लाकडी पोरगा बसलाय. किल्ली दिली की पीस शाईत बुडवतो, झटकतो आणि लिहू लागतो. डोळे अक्षरांमागून फिरतात. पोटात सहाएक हजार सुटे भाग. सगळं समजावून सांगितलं तरी ते डोळे फिरताना अंगावर काटा येतोच.

शिवाय चाकांची एक गोची असते, ती गंजतात, निखळतात. मूळ गोष्टीतला व्हिक्टर डोळा उघडलेला पाहताच खोलीतून पळून जातो. अ‍ॅलस्डेरला ती सोय नाही. भावाला शहराबाहेरच्या जुन्या वाड्यात लपवलाय, तिथे हत्यारं घेऊन जायचं, दुरुस्ती करायची, वर त्याचा संताप झेलायचा. आजारपण काढलेल्या कुठल्याही घराला हे ओळखीचं वाटेल. शेलीचा राक्षस बापाच्या मागे लागतो. इथे अ‍ॅलस्डेरलाच उठवलेल्या भावाच्या मागे राहावं लागतं. मला हे जास्त भयंकर वाटलं.

लीबाईंच्या कादंबरीतला, जर्मनीतल्या इंगोलश्टाटचा खलनायक डॉक्टर मात्र अगदीच ठोकळेबाज. आणि मेरी शेली स्वतः पात्र म्हणून येते, तिथे माझं बिनसलंच. अठराव्या वर्षी, १८१६च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात, बायरनसारखे कवी आसपास असताना या मुलीने आपल्या डोक्यातून ही गोष्ट काढली. इथे तिने ती ओळखीच्या पोरांच्या आयुष्यातून उचलली म्हणे!